बर्फातल्या डोंगरात शिरण्याआधी

सॅक भरायच्या आधी चार-पाच दिवस त्या भागाचं हिमस्खलनाचं पत्रक रोज वाचायला लागा. निघायच्या सकाळी एकदाच वाचलं तर नुसता आकडा हाती लागतो. रोज वाचलं की बर्फ थरावर थर कसा बसत गेला ते उमगतं. धोक्याच्या पायऱ्या पाच. तिसरी मधली, म्हणून बेताची, असा समज करून घेऊ नका. त्या पायरीवर काही उतार एकट्या माणसाच्या वजनानेही सुटतात. आकड्याखालचा मजकूर जास्त मोलाचा: कोणत्या दिशेचे उतार, किती उंचीवर, आणि अडचण नव्या बर्फाची, वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाची की खाली दडलेल्या कच्च्या थराची. मला सगळ्यात धास्ती या शेवटच्याची वाटते. निरभ्र, थंड रात्री बर्फावर पिसांसारखे स्फटिक उगवतात. मग त्यांच्यावर नवा बर्फ पडतो आणि ते आठवडेच्या आठवडे खाली तसेच राहतात. वरून पाहणाऱ्याला पांढऱ्याशुभ्र उताराखेरीज काही दिसत नाही.

मग नकाशा घ्या आणि वाटेवरच्या प्रत्येक उताराचा कोन मोजा. बर्फाची अख्खी पाटी सुटते ती बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर. ज्या उतारावर तुम्ही पाऊल टाकणार नाही पण ज्याच्या पायथ्यातून जाणार आहात, तोही मोजा. सपाटीवर चालणाऱ्याच्या भारानेसुद्धा वरचा उतार सुटू शकतो. घळी आणि ओढ्यांची पात्रं वेगळ्या रंगाने खुणवा. तिथे आलेलं लहानसं स्खलनही माणसाला खोल गाडतं. याच बैठकीत दुसरी, सौम्य उतारांची वाट आखून ठेवा.

ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं, संदेश सोडणारं आणि गाडलेल्याचा संदेश पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं ही तीन साधनं प्रत्येकाकडे हवीत. गटात मिळून एक संच घेतला तर तो ज्याच्या पाठीवर आहे तोच नेमका गाडला जाऊ शकतो. पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, पुढे शक्यता झपाट्याने घटते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही, सोबतीच पोचतात. म्हणून सराव करा, आणि नुसता यंत्राने शोधण्याचा नको, खणण्याचाही. थांबलेलं स्खलन घट्ट आवळून बसतं आणि सगळ्यात जास्त वेळ फावड्यालाच लागतो. ट्रान्सीव्हरला नवे सेल घाला. फोन त्याच्यापासून निदान 20 सेंटिमीटर लांब ठेवा, शोध घेताना 50.

हवामान पाहताना आकाश निवळल्यावर भुलू नका. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले 24 ते 48 तास फार नाजूक असतात. वारा बर्फ उचलून धारेपलीकडे, वाऱ्याआडच्या उतारावर रचतो, त्यामुळे हिमवर्षाव थांबला तरी तिथला भार वाढतच राहतो. एकाएकी ऊन तापलं किंवा पाऊस पडला तर सकाळी भरवशाचा वाटलेला उतार दुपारी तसा राहत नाही. परतीची वेळ घड्याळावर ठरवा आणि घरी लिहून ठेवा.

सोबत्यांशी एक बोलणं घरीच उरकून घ्या. कुणीही एकाने ‘नको’ म्हटलं की मागे फिरायचं, कारण विचारत बसायचं नाही. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला, बर्फात भेगा पळत गेल्या किंवा शेजारचा उतार ताजा सुटलेला दिसला, तरीही तेच. शिखर समोर दिसत असताना हा करार करणं अवघड जातं. संशयाच्या उतारावर एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची, हेही आताच ठरवा.

निघायच्या जागी एकाने आपला ट्रान्सीव्हर शोधावर लावून पुढे उभं राहावं. बाकीच्यांनी अंतर ठेवून एकेक करत त्याच्यासमोरून जावं, म्हणजे प्रत्येकाचा संदेश पोचतो की नाही ते कळतं. शेवटी त्याने स्वतःचा संदेशावर आणावा आणि दुसऱ्याने तपासावा. मग सगळ्यांचे पट्टे आवळलेले, यंत्रं जॅकेटच्या आत. गाडीपाशी परत येईपर्यंत कुणी ती बंद करायची नाहीत.