वजन नव्हे, कण मोजा: मीठ, साखर आणि आइस्क्रीमचा पॉट

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावरचा लाकडी पॉट खाली उतरतो. बर्फ फोडायचा, जाडं मीठ टाकायचं, हँडल फिरवायला पोरांच्या पाळ्या लावायच्या. यंदा भाच्याने विचारलं, "मीठच का? साखर टाकली तर?" तोंडी सांगण्यापेक्षा मी त्याला फ्रीझरपाशी नेलं. तुम्हीही करून बघा, एक सकाळ पुरते.

तीन स्टीलचे पेले, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शून्याखाली दहापर्यंत खुणा असलेला प्रयोगशाळेतला थर्मामीटर घ्या. तापाचा चालत नाही. मीठ पाकिटातलं घ्या. मिठागराच्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. पावसात बरणीतलं मीठ पाझरतं ते त्यामुळेच. असं मीठ तोललं की पाणीही तोललं जातं.

प्रत्येक पेल्यात २०० ग्रॅम पाणी ओता. पहिला तसाच ठेवा, दुसऱ्यात ६८ ग्रॅम साखर, तिसऱ्यात १२ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. साखरेचा ढीग आणि मिठाचे दोन चमचे शेजारी ठेवून बघाच.

पेले फ्रीझरमध्ये ठेवा आणि तासाभराने दर दहा मिनिटांनी डोकवा. कडेला बर्फाचे पातळ तुकडे दिसले की पेला बाहेर काढा, चमच्याने ढवळा, लगेच आकडा वाचा. इथे घाई हवी. जास्त बर्फ धरला तर उरलेलं द्रावण दाट होतं आणि आकडा आणखी खाली जातो. उलट बर्फ दिसण्याआधी वाचलात तरी फसाल, कारण पाणी कधी कधी शून्याखाली जाऊनही न गोठता राहतं.

साधं पाणी शून्यावर, साखरेचं उणे दोनच्या आसपास, मिठाचं उणे साडेतीनच्या जवळ.

गंमत अशी की दोन्ही पेल्यांत आपण ०.२ मोलच घातला. मोल म्हणजे डझनासारखी कणांची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या. साखरेचा एक मोल ३४२ ग्रॅमचा, मिठाचा साडेअठ्ठावन्न. पण पंगतीला पानं मांडताना पाहुण्यांचं वजन कोण बघतं? डोकी मोजतात. साखरेचा रेणू एकटाच येतो. मीठ पाण्यात पडताच सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात, म्हणजे दोन पानं. एक किलो पाण्यात एक मोल कण पडले की गोठणबिंदू १.८६ अंशांनी उतरतो. २०० ग्रॅममध्ये ०.२ मोल हे प्रमाण तेच. मिठाला दुप्पट, ३.७२. आपला आकडा थोडा कमी येतो, कारण विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना ओढतात आणि पूर्ण सुटे वागत नाहीत. या विचाराची सुरुवात स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनिअस यांनी १८८४च्या प्रबंधात केली. उपसाला विद्यापीठाच्या परीक्षकांनी त्यांना जेमतेम गुण दिले. १९०३ साली याच कामाला नोबेल मिळालं.

तर भाच्याला उत्तर: साखरेनेही गारवा येईल, पण जवळपास सहापट वजन टाकून निम्मा.

आता पॉट. हापूसचा रस, दूध आणि साखर यांत विरघळलेलं इतकं असतं की ते मिश्रण शून्यावर गोठतच नाही. नुसता बर्फ लावून हँडल फिरवत बसा, हात दुखतील एवढंच. तीन भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ, थरावर थर. मीठ लागलं की बर्फ वितळतो, आणि ग्रॅमामागे ३३४ जूल उष्णता पॉटच्या मधल्या डब्यातल्या रसातून व भोवतालच्या बर्फातून ओढतो. मिठाने फार तर उणे २१पर्यंत जाता येतं, त्यापुढे कितीही मीठ टाका, वाया.

पॉटच्या बाजूला वरच्या अंगाला एक भोक असतं, ते मोकळं ठेवा. एका वर्षी ते बर्फाने बुजलं आणि खारं पाणी झाकणावरून डब्यात शिरलं. ते आइस्क्रीम कुत्र्यानेही हुंगून सोडलं.