क्लेमॅटिसची मुळे थंड ठेवा : नाशिकच्या बागांसाठी हिवाळ्याच्या तोंडावरचा सल्ला

परतीचा पाऊस ओसरून जमिनीला वाफसा आला आणि ऑक्टोबरची काहिली उतरली, की नाशिक परिसरात क्लेमॅटिस या फुलवेलाची लागवड करावी. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावलेल्या रोपाला मुळे पसरण्यासाठी तीन-चार महिने थंडी मिळते. फेब्रुवारीत हौसेने आणलेले रोप मात्र एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकू लागला, की बहुधा माना टाकते.

रोप गेले की आपण उन्हाला दोष देतो, परंतु या वेलाच्या शेंड्याला ऊन हवेच असते. सोसत नाही ती मुळांशी साचणारी उष्णता. गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी दोन वाजता पश्चिमेकडून हात लावून पाहावा. तो हात तिथे टेकवत नसेल, तर आतून त्याच कडेला चिकटलेल्या मुळांचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. माझे पहिले रोप असेच गेले, आणि पाने मलूल दिसताच मी पाणी वाढवल्यामुळे ते जरा लवकरच गेले.

म्हणून शक्य असेल तर वेल जमिनीतच, सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशा जागी लावावा. कुंडीच हवी असल्यास ती मातीची, किमान 45 सेंटिमीटर खोल असावी. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते, त्यामुळे खड्डा मुरूम, भरड वाळू व कुजलेले शेणखत मिसळून भरावा आणि जागा थोडी उंच ठेवावी. रोप पिशवीत होते त्यापेक्षा 5 ते 7 सेंटिमीटर खोल बसवावे. खालचे दोन डोळे मातीत राहिले, तर मर रोगाने वरचा वेल वाळला तरी खालून नवा फुटवा येऊ शकतो. थंड देशांत मुळांवर दगड ठेवतात, पण तो आपल्याकडे स्वतःच तापतो. त्याऐवजी उसाच्या पाचटाचे जाड आच्छादन करावे, मात्र ते बुंध्याला भिडवू नये.

हा वेल पानाच्या देठाने आधाराला विळखा घालतो, जाड बांबू त्याच्या कवेत येत नाही. द्राक्षबागेतली उरलेली तार उत्तम.

जातींमध्ये नव्या फुटीवर फुलणारे व्हिटिसेला गटाचे वेल निवडावेत. हंगामाच्या सुरुवातीला फुलणारे मोठ्या फुलांचे संकर मर रोगाला लवकर बळी पडतात. निवडलेल्या वेलाची छाटणी जानेवारीअखेर, जमिनीपासून सुमारे 30 सेंटिमीटरवर, टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीवर करावी. पहिल्या वर्षी मात्र रोप बाळसे धरेपर्यंत शेंडा खुडण्यापलीकडे काही करू नये. द्राक्षबागायतदारांचा हात सवयीने एप्रिलच्या खरड छाटणीकडे, म्हणजे फांद्या आखूड कापण्याकडे, वळतो, पण भर उन्हाळ्यात उघडा पडलेला हा वेल पुन्हा फुटेलच असे नाही. चीक त्वचेला झोंबतो, हातमोजे घालावेत.

एवढा खटाटोप नको असेल, तर सह्याद्रीत रानोमाळ चढणारी मोरवेल याच कुळातली आहे. तिची पांढरी फुले लहान असली, तरी नंतर बियांना फुटणारी पिसांसारखी शेपटे फुलांइतकीच देखणी दिसतात. रानातून वेल उपटून आणू नये. बी आणून पेरावे आणि उगवण सावकाश होते, म्हणून वाफा लगेच मोडू नये.