नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं, पण मशीन उठेना? या चुका टाळा

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि आमच्या इंदूरच्या रामबागेत, लोकमान्यनगरात जुने डेस्कटॉप पुन्हा उघडले जाऊ लागले. सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर बाजारातून एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान ड्राइव्ह) आणायची, पेनड्राइव्हवरून विंडोज ११ नाहीतर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचं, रिस्टार्ट करायचं. आणि पडद्यावर काय, तर 'नो बूटेबल डिव्हाइस', म्हणजे जिच्यावरून मशीन सुरू होईल अशी डिस्कच नाही. यावर ओळखीच्या प्रत्येक दादाचं निदान ठरलेलं: "भैया, ड्राइव्ह ही डेड आई है."

बिल शोधायला लागण्याआधी बायोस (मशीन चालू होताना विंडोजच्याही आधी चालणारी, बोर्डाची सेटिंग ठेवणारी व्यवस्था) उघडा. तिथे एसएसडीचं नाव दिसतंय? मग ती बहुधा ठणठणीत आहे आणि विंडोजही टाकलं तिथेच आहे. ते सुरू करून देणाऱ्या फाइली तेवढ्या भलत्या ठिकाणी गेल्यात, किंवा बायोस त्यांना भलतीकडे शोधतोय. अशा वेळी पुन्हा पुन्हा विंडोज टाकत बसणं म्हणजे रात्र फुकट. पेनड्राइव्ह काढलाय ना आणि बूट ऑर्डरमध्ये (मशीन कशावरून आधी सुरू व्हायचं त्या यादीत) 'विंडोज बूट मॅनेजर' सर्वांत वर आहे ना, हे आधी बघा. कित्येकदा काम एवढ्यावरच भागतं.

जुनी डिस्क जोडलेली ठेवून इन्स्टॉल करू नका

सगळ्या घोळाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. मशीनमधल्या जुन्या डिस्कवर आधीपासून ईएफआय पार्टिशन (बूटच्या, म्हणजे सुरू करून देणाऱ्या फाइलींसाठी डिस्कवर राखलेला छोटा भाग) असेल, तर विंडोजचा इन्स्टॉलर नवं पार्टिशन न करता बूटच्या फाइली त्यातच टाकून मोकळा होतो. विंडोज नव्या घरात, किल्ली जुन्या घरात. दोन्ही डिस्क जोडलेल्या असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. मग महिन्याभराने कोणीतरी जुनी हार्ड डिस्क काढतं किंवा फॉरमॅट करतं आणि मशीन बसतं. उबंटूचंही असंच, बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) कुठे टाकायचा ते तुम्ही निवडलेलं असलं, तरी काही आवृत्त्यांत तो पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच जाऊन बसतो.

म्हणून इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची साटा केबल (ती बोर्डाला जोडणारी तार) सरळ काढून ठेवा. चूक होऊन गेली असेल तरी दुरुस्ती आहे. जुनी डिस्क काढा, इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा आणि पहिल्याच पडद्यावर शिफ्ट धरून एफ१० दाबा. कमांडची काळी खिडकी उघडेल. तिथे डिस्कपार्ट या टूलमध्ये विंडोजचं पार्टिशन ३०० एमबीने आकसून घ्या, त्या जागेत २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन करा, ते फॅट३२मध्ये फॉरमॅट करून त्याला 'एस' अक्षर द्या. मग बीसीडीबूट कमांडला विंडोजचं फोल्डर आणि 'एस' सांगा, की फाइली तिथे लिहिल्या जातात. या खिडकीत विंडोजचं अक्षर 'सी'च असेल असं नाही, ते आधी तपासा. ही कृती जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीने आखलेल्या डिस्कसाठी आहे. अशा डिस्कवर व्हिडिओत बघून 'फिक्स-एमबीआर' मारण्यात अर्थ नाही. ती कमांड जुन्या, एमबीआर पद्धतीच्या डिस्कसाठी आहे.

पेनड्राइव्ह कुठल्या नावाने निवडला?

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे 'यूईएफआय' (बायोसची नवी पद्धत) लावून. नुसता निवडला तर इन्स्टॉल लेगसी, म्हणजे बायोसच्या जुन्या पद्धतीने होतं आणि कोरी डिस्क एमबीआर बनते. नंतर बायोसमध्ये लेगसी बंद केलं, की तेच विंडोज सापडत नाही. सुटका करायची तर लेगसी परत चालू करा, किंवा विंडोजबरोबर येणाऱ्या एमबीआर-टू-जीपीटी टूलने डिस्क बदलून घ्या. डेटा न पुसता बदल होतो, तरी बॅकअप घ्याच.

बायोसमध्ये उगाच हात घालू नका

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी (ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं, त्यामुळे इन्स्टॉलरला ड्राइव्हच दिसत नाही. व्हीएमडी बंद करा किंवा त्याचा ड्रायव्हर द्या, पण जे काही करायचं ते इन्स्टॉलच्या आधी. नंतर बदललंत तर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'ची निळी स्क्रीन येते. तशी आलीच तर सेटिंग पूर्ववत करा. बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर सिक्युअर बूटला (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणाऱ्या बायोसच्या सेटिंगला) हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा.

एनव्हीएमई ड्राइव्हचं (साटापेक्षा वेगवान अशा नव्या एसएसडीचं) वेगळं आहे. २०१४च्या आधीच्या बहुतेक मदरबोर्डांना कार्ड लावून ती जोडता येते, विंडोजमध्ये दिसतेही, पण तिच्यावरून बूट होत नाही. तिथे साटा एसएसडीच घ्या.

आणि आज चाललेलं मशीन उद्या सकाळी पुन्हा अडलं, शिवाय घड्याळही मागे गेलं, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. त्यामुळे बायोसची सेटिंग मूळ पदावर जाते आणि तुम्ही निवडलेला मोड पुसला जातो. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.