तीन महिने झाले तरी दुखतंय? आधी सकाळचं आखडणं घड्याळ लावून बघा

नाशिकच्या दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की कितीतरी जणांचे खांदे-मनगटं धरतात, ते आठ-पंधरा दिवसांत सुटतं, त्याचं काही नाही. पण दुखणं 3 महिन्यांच्या वर गेलं की बऱ्याचदा त्यात आपल्याच इम्युनिटीचा हात असतो. म्हणजे बघा, इजा झाली की पांढऱ्या पेशी तिथे धावतात, सायटोकाईन, प्रोस्टाग्लँडिन असली रसायनं सोडतात, त्याने नसा हळव्या होतात, म्हणून आपण तो भाग जपतो. भरून आलं की हे थांबायला पाहिजे, काहींचं थांबतच नाही, वर मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशीपण चेकाळतात. चोर कधीच पळाला तरी गल्लीतली कुत्री भुंकतायत तसं. एक्सरे नॉर्मल आणि माणूस कळवळतोय, आणि घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत!

तर आठवडाभर मोबाईलमध्ये लिहा, उठल्यावर सांधे किती मिनिटं आखडलेले असतात. अर्ध्या तासाच्या वर, बोटं सुजलेली, हालचाल केली की मोकळं वाटतं, पडून राहिलं की वाढतं, पहाटे कंबरदुखीने जाग येते, असं असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचा डॉक्टर गाठा. काम केल्यावर वाढतं आणि बसलं की बरं वाटतं ते बहुतेक झिजेचं किंवा ताणाचं. चिकनगुनिया होऊन गेला असेल तर ते आधी सांगा, त्यात महिनोन्‌महिने सांधे दुखतात.

टेस्टचं पॅकेज स्वतःच्या मनाने करू नका. सीआरपी, ईएसआर या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट नॉर्मल आल्या म्हणून संधिवात नाहीच असं नसतं, आणि आरए फॅक्टर ही संधिवातासाठीची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे संधिवातच असंही नाही.

मेडिकलवरून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणून रोज खाणारे खूप आहेत, ती प्रोस्टाग्लँडिन कमी करते, पण पोट आणि किडनीला महागात पडते. इम्युनिटी बूस्टरच्या पावडरी तर लांबच ठेवा, इथे ती आधीच नको तिथे चढलीये, अजून कशाला वाढवताय.

झोप मात्र पुरी घ्या, अपुऱ्या झोपेने सूज वाढवणारी रसायनं वाढतात. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर झेपेल तेवढं सपाटीवर चाला, पांडवलेणीच्या पायऱ्या नंतर बघू.

दुखण्यासोबत ताप, वजन घटणं असेल तर डॉक्टरकडे लवकर जा, आणि पाय लुळे पडले किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी हॉस्पिटल.