आपल्या प्रेसबिटेरियन चर्चच्या सुरुवातीच्या वर्षांचा इतिहास कसा शोधायचा आणि कसा लिहायचा

चर्चची शंभरी जवळ आली की स्मरणिकेचं काम कुणाच्या तरी अंगावर येतं, आणि तो माणूस सगळ्यात आधी काय करतो तर भिंतीतल्या कोनशिलेचा फोटो काढतो आणि त्यावरचं साल स्थापनेचं म्हणून टाकून मोकळा होतो. प्लीज असं करू नका. मी एकदा केलंय. नंतर कळलं की ती कोनशिला दुसऱ्या इमारतीची होती, मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून जमत होती, आणि ज्यांनी स्वतःच्या घरात उपासना चालवली त्यांची नावंच लेखातून राहून गेली. त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून आधी स्थापना म्हणजे काय ते नीट समजून घ्या. साधारण असं होतं की काही कुटुंबं कुणाच्या घरी प्रार्थनेला जमायला लागतात, मग ते प्रेसबिटरीकडे अर्ज करतात (प्रेसबिटरी म्हणजे त्या भागातल्या चर्चेसचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आणि वडील, म्हणजे सभासदांनी निवडलेले पुढारी, यांची सभा), प्रेसबिटरी माणसं पाठवून चौकशी करते, मग सभासदांची यादी होऊन मंडळी रीतसर उभी राहते, वडील निवडले जातात, त्यांची दीक्षा होते आणि सेशन, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी वडिलांची सभा, तयार होतं. पाळक कधी कधी यानंतर बऱ्याच वर्षांनी मिळतो, पक्की इमारत त्याहून उशिरा. या सगळ्या तारखा वेगवेगळ्या लिहा, एकीत कोंबू नका.

आता मुख्य गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायचीय. प्रेसबिटेरियन चर्च कधी एकटं नसतं. खाली सेशन, वर प्रेसबिटरी, त्यावर सिनड (अनेक प्रेसबिटरींची मिळून सभा), बहुतेक ठिकाणी सगळ्यात वर जनरल असेंब्ली (सगळ्या चर्चची सभा). सेशनची मिनिटबुकं (सभेच्या कामकाजाच्या नोंदवह्या) तपासणीसाठी प्रेसबिटरीकडे जायची अशी जुनी पद्धत आहे. त्यामुळे तुमच्या चर्चचं पहिलं मिनिटबुक वाळवीने खाल्लं असेल किंवा आगीत गेलं असेल तरी रडत बसू नका, एक पायरी वर चढा आणि प्रेसबिटरीची मिनिटं मागा. अर्ज कधी आला, कोणाला पाठवलं, शेजारच्या मंडळीने विरोध केला का, हे बऱ्याचदा तिथेच सापडतं. अर्थात वरचंही सगळं टिकतंच असं नाही. अमेरिकेतली पहिली प्रेसबिटरी फिलाडेल्फियात भरली, ते वर्ष 1706 मानतात, फ्रान्सिस मॅकेमी तिचे पहिले अध्यक्ष, आणि तिच्याच मिनिटबुकाचं पहिलं पान हरवलेलं आहे!

सेशनचं मिनिटबुक हातात आलं तर घाईत वाचू नका. नवीन सभासद कसा आला ते बघा, विश्वासाची कबुली देऊन की दुसऱ्या मंडळीचं पत्र घेऊन. पत्र घेऊन आलेल्यांची वेगळी यादी करा, कुठून आले तेही लिहा, दहाबारा नावं झाली की मंडळी कुठल्या गावांमधून, कुठल्या कामधंद्यामुळे जमली ते आपोआप दिसायला लागतं. मला तरी या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. सोबत बाप्तिस्म्याची नोंदवही, जमिनीचं खरेदीखत, जमाखर्चाची वही. काही देशांत बाकांचं भाडं घ्यायचे, त्या यादीवरून पुढे कोण बसायचं आणि मागे कोण तेही कळतं.

जुन्या मंडळीत प्रभुभोजनाचे टोकन सापडतील, शिशाचे छोटे तुकडे, प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीत भाग घ्यायला वडिलांनी ज्याला पात्र ठरवलं त्याला द्यायचे. त्यावर साल असतं पण ते टोकन पाडल्याचं किंवा पाळक रुजू झाल्याचं असू शकतं, स्थापनेचं समजू नका.

मग बघा की तुमचं चर्च कुठल्या प्रेसबिटेरियन शाखेचं होतं, कारण फुटी खूप झाल्यात. स्कॉटलंडमध्ये 1733 ला एक, आणि 1843 ची मोठी, तेव्हा 470 पेक्षा जास्त पाळक सरकारी मान्यतेचं चर्च सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च झालं. वाद हा की मंडळीच्या मनाविरुद्ध जमीनदाराने पाळक लादायचा का. काही जमीनदारांनी नव्या मंडळ्यांना जागाच दिली नाही, स्ट्रॉन्शियनच्या लोकांनी तर 1846 मध्ये लोखंडी तरंगतं चर्च आणून समुद्राच्या खाडीत नांगरलं. अमेरिकेत 1837 ला ओल्ड स्कूल आणि न्यू स्कूल असे दोन भाग झाले. उलट 1925 ला कॅनडात आणि 1970 ला उत्तर भारतात बऱ्याच प्रेसबिटेरियन मंडळ्या संयुक्त चर्चमध्ये गेल्या, त्यामुळे आज पाटीवर वेगळं नाव असलं तरी जुने कागद जुन्या नावाखाली शोधा.

बायकांची नावं मिनिटबुकात फार कमी मिळतील कारण वडीलपण पुरुषांकडेच होतं. अमेरिकेतल्या मोठ्या प्रेसबिटेरियन चर्चने 1930 ला आणि चर्च ऑफ स्कॉटलंडने 1966 ला बायकांना वडील व्हायला परवानगी दिली. पण पैसे कोणी जमवले, संडेस्कूल कोणी चालवलं? त्यासाठी महिला मंडळाच्या वह्या, संडेस्कूलची हजेरी, म्हाताऱ्या सभासदांच्या आठवणी. आठवणी रेकॉर्ड करा आणि तारीख मात्र कागदावरूनच घ्या.

लिहायला बसलात की जॉन नॉक्स आणि 1560 च्या स्कॉटलंडमधल्या धर्मसुधारणेपासून सुरू करू नका, पहिल्या उपासनेपासून करा, कुठे, किती जण, कोणी चालवली. भांडणंही लिहा, पाळक का सोडून गेला, बांधकाम का थांबलं. फक्त एक सांभाळा, सेशनसमोर आलेल्या शिस्तीच्या केसेस, कोणाच्या दारूबद्दल, कोणाच्या लग्नाआधीच्या बाळाबद्दल. त्यांची नातवंडं आज त्याच बाकांवर बसत असतील, म्हणून अशा केसेस किती आणि कशाच्या होत्या एवढंच लिहा, नाव देऊ नका. आणि छापायच्या आधी कच्चा मजकूर दोनतीन जुन्या कुटुंबांना वाचायला द्या, ते चुका काढतीलच, पण बऱ्याचदा त्याच वेळी घरातल्या ट्रंकेतून एखादं पत्र किंवा फोटोही बाहेर येतो.