क्रॅश डंप कोठे उतरणार, हे आधीच तपासा

लिनक्स सर्व्हरवर केडंप (सिस्टिम कोसळल्यावर तेव्हाची मेमरी फाइलमध्ये, म्हणजे क्रॅश डंपमध्ये, जतन करणारी सोय) चालू करताना पुष्कळ जण स्वॅपचा (रॅम अपुरी पडल्यास वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेचा) आकार वाढवून निश्चिंत होतात. प्रत्यक्षात मुख्य कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळल्यावर डंप घेण्याचे काम, बूटच्या वेळी 'क्रॅशकर्नल' या पर्यायाने राखून ठेवलेल्या मेमरीत चालणारे दुसरे कर्नल करते, त्यामुळे स्वॅप कितीही मोठा असला तरी त्याचा येथे उपयोग नसतो. (विंडोजचे वेगळे आहे: स्वतंत्र डंप फाइल नेमलेली नसल्यास, संपूर्ण डंपसाठी तेथे पेजिंग फाइल, म्हणजे विंडोजचा स्वॅप, रॅमपेक्षा किंचित मोठी लागते.) डंप एनएफएसवरील (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावरील फाइल वापरू देणाऱ्या व्यवस्थेवरील) सामायिक फोल्डरमध्ये पाठवायचा असेल, तर त्या दुसऱ्या कर्नलला नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मिळतो का आणि राखीव मेमरी त्याला पुरते का, हे आधी पाहावे, शिवाय एनएफएस सर्व्हरवर रूट स्क्वॉश (दुसऱ्या यंत्रावरील रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, अधिकार न मानणारी सेटिंग) चालू असल्यास लिहिण्याची परवानगी नाकारली जाऊ शकते. माझ्या मते खरी खात्री एकाच मार्गाने होते: सर्व्हर वापरात आणण्यापूर्वी, लिहायचा राहिलेला डेटा डिस्कवर सिंक करून, सिसआरक्यूच्या (कर्नलला थेट आदेश देण्याच्या सोयीच्या) 'सी' आदेशाने कर्नल मुद्दाम पाडावे आणि डंप पोहोचला का ते पाहावे. डंपमध्ये पासवर्डही सापडू शकतात, म्हणून त्या फोल्डरचा प्रवेश मोजक्याच प्रशासकांना द्यावा.