वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात पाय घसरतो? या चुका टाळा

स्वयंपाकघरात कुणी घसरलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी कुणी सांडलं?" पाणी असतंच, पण खरी दगाबाज असते त्याखालची तेलाची पातळ साय. आणि ती बहुतेक वेळा आपणच पोछ्याने पसरवलेली असते.

फोडणीचे, तळणीचे तुषार शेगडीपासून चांगले लांब जाऊन बसतात. मावशी बादलीत फिनाईल टाकतात आणि ओट्याखालचा पोछा तसाच दारापर्यंत नेतात. फिनाईलने वास जातो, तेल जात नाही. पांढऱ्या फिनाईलमध्ये तर मुळात पाइनचं तेलच असतं. त्यापेक्षा गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घाला, फरशीवर ओता आणि पाच-दहा मिनिटं हात लावू नका. घाई इथेच होते. मग ताठ ब्रशने घासायचं, वायपरने मोरीकडे ओढायचं आणि स्वच्छ पाण्याने साबण काढायचा, कारण उरलेला साबणही तेवढाच निसरडा. वाळल्यावर फरशीवर पांढरा टिश्यू घासून बघा. पिवळट झाला तर पुन्हा.

तेल सांडलं तर आधी पाणी नको. रद्दीने टिपा, उरलेल्यावर कोरडं पीठ भुरभुरवून झाडून काढा. ओल्या फरशीवर मात्र पीठ टाकू नका, त्याची खळ होते.

दारातलं ओलं गोणपाट काढाच. त्याचा कोपरा दुमडतो आणि गरम पातेलं घेऊन येणाऱ्याला खालचं दिसत नाही. तळ गुळगुळीत झालेल्या स्लिपरही नकोत. खाचा असलेले, मागून बंद बूट संस्थेनेच द्यावेत. नवी फरशी घालायची असेल तर दुकानदाराच्या 'अँटीस्किड'वर जाऊ नका, घसरण-चाचणीचा आर-११ किंवा आर-१२ असा शिक्का विचारा. ही चाचणी तेल लावलेल्या उतारावर माणूस चालवून करतात.

पुसण्याची वेळही बघा. जेवणाच्या घंटेआधी पुसलेली फरशी पावसाळ्यात वाळत नाही, आणि नेमक्या तेव्हाच कुणीतरी आजी गरम पाण्याची बाटली घेऊन दारात उभ्या असतात. आमच्याकडे पुसणं आता रात्री भांडी झाल्यावर.

आणि रोज सकाळी एकाच ठिकाणी ओल दिसत असेल तर मावशींवर ओरडू नका. आम्ही बरेच दिवस ओरडलो. शेवटी सापडली ती फिल्टरची सांडपाण्याची नळी, मोरीपासून वीतभर आधीच निसटलेली.